नादाचे घर
(गुहेतील प्रतिध्वनीपासून यंत्रातील निनादापर्यंत)

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेजवळ, सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या डोंगरांत कचारगड नावाची एक विशाल नैसर्गिक गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राप्रमाणेच मध्य प्रदेश व छत्तीसगड या शेजारच्या प्रांतांतूनही यात्रेकरू तेथे येतात. या स्थळाविषयी गोंड परंपरेत एक कथा सांगितली जाते. कली कंकाली मातेची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडावर एक मोठी शिळा बसविली गेली. पारी कुपार लिंगो यांनी त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने किंगरी वाजविली, त्या नादाने आतील मुलांच्या अंगी बळ संचारले, त्यांनी शिळा ढकलून दिली आणि ती मुक्त झाली. वादक मात्र त्या घरंगळत आलेल्या शिळेखाली सापडून प्राणास मुकला.

या कथेत धर्म आहे, कुळांची उत्पत्ती आहे, त्यागाचा महिमा आहे. त्याबरोबरच तीत माणसाचा एक फार जुना अनुभवही दडलेला आहे. उघड्यावर छेडलेली तार आणि गुहेत शिरलेली तीच तार यांत अंतर असते. गुहेत नाद मोठा होतो, रेंगाळतो, चोहोंकडून येतो आणि ऐकणाऱ्यास वेढून टाकतो. नादास जणू एक घर मिळते. हे घर त्याच्या मूळ जागेपासून उचलून दुसरीकडे कसे नेता येईल, हा प्रश्न विसाव्या शतकातील ध्वनितंत्रज्ञांनी हाती घेतला. आज कोणत्याही वाद्यवृंदाच्या किंवा नाटकमंडळीच्या ध्वनियंत्रावर 'डिले' आणि 'रिव्हर्ब' अशा नावांची जी बटणे दिसतात, ती त्या प्रयत्नांची फळे होत. त्यांचा इतिहास ठाऊक असला, म्हणजे प्रत्येक बटणाचा अर्थ आपोआप उलगडतो.

प्रारंभ शाळेत शिकविल्या जाणाऱ्या एका साध्या गोष्टीपासून करावा लागतो. २२ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४४ मीटर अंतर जातो. मानवी कानावर झालेला ध्वनीचा संस्कार सुमारे एक दशांश सेकंद टिकतो. म्हणून परत आलेला ध्वनी मूळ ध्वनीहून निराळा ऐकू यावयाचा, तर त्यास जाऊन येण्यास निदान तेवढा वेळ लागला पाहिजे, म्हणजेच समोरची भिंत किंवा कडा निदान १७.२ मीटर दूर असला पाहिजे. असा सुटा, ओळखता येणारा परतीचा ध्वनी म्हणजे प्रतिध्वनी. परंतु भिंती जवळ असतील आणि ध्वनी त्यांच्यावर आपटून शेकडो वाटांनी परत येत असेल, तर ते सगळे परतीचे ध्वनी एकमेकांत मिसळून जातात. मूळ ध्वनी थांबला तरी त्याची शेपटी मागे रेंगाळत राहते. या रेंगाळण्यास निनाद म्हणतात. 'डिले' हे यंत्र प्रतिध्वनीचे आणि 'रिव्हर्ब' हे यंत्र निनादाचे, एवढा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील सारी कथा सुगम होते.

या दोहोंपैकी प्रतिध्वनीचे सर्वांत प्रसिद्ध घर मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवर, विजापुरास (आजचे विजयपूर) आहे. ज्या आदिलशाही दरबारात शहाजीराजे सरदार होते, त्या दरबाराचा स्वामी मुहम्मद आदिलशहा १६२७ ते १६५६ या काळात गादीवर होता. त्याची कबर म्हणजे गोल घुमट. या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर असून त्याच्या कडेने आतून एक सज्जा फिरविलेला आहे. सज्ज्याच्या एका बाजूस केलेली कुजबुज समोरच्या बाजूस, भिंतीस कान लावून बसलेल्या माणसास स्पष्ट ऐकू येते. एकदा वाजविलेली टाळी पुनःपुन्हा परत येते. याचे कारण घुमटाच्या गुळगुळीत, वक्र भिंतीत आहे. अशी भिंत ध्वनी इतस्ततः विखरू न देता ठरावीक दिशेस गोळा करते. ३८ मीटर अंतर ओलांडावयास ध्वनीस सुमारे एक नवमांश सेकंद लागतो आणि जाऊन परत येण्यास त्याच्या दुप्पट. हा काळ एक दशांश सेकंदाहून अधिक असल्यामुळे परतीचे ध्वनी सुटे सुटे मोजता येतात. याच्या उलट, खडबडीत आणि वेड्यावाकड्या खडकांच्या गुहेत ध्वनी अनेक दिशांस फुटतो. तेथे टाळी मोजण्याजोगी परत येत नाही. ती घुमते आणि हळूहळू विरून जाते.

घुमट बांधणाऱ्या कारागिरांस हे परिणाम अनुभवाने ठाऊक असतील, पण त्यांचे गणित कोणाजवळही नव्हते. ते गणित १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले. तेथील फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बोलण्याच्या कामी अगदी निरुपयोगी ठरले होते. वक्त्याचा एक शब्द विरेपर्यंत पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन पडत. वॉलेस सॅबीन नावाच्या तरुण अध्यापकावर हा दोष दूर करण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने एक ऑर्गनची नळी आणि वेळ मोजण्याचे साधन घेऊन रात्रीच्या शांततेत प्रयोग मांडले. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या उचलून आणावयाच्या, एकेक करून व्याख्यानगृहात मांडावयाच्या, दर वेळी निनाद किती सेकंद टिकतो ते मोजावयाचे आणि पहाटेपूर्वी गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवावयाच्या, असा त्याचा क्रम होता. रिकाम्या खोलीत निनाद सुमारे साडेपाच सेकंद टिकत होता. गाद्या वाढत गेल्या तसतसा तो कमी होत गेला. यातून सॅबीनने नियम काढला. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांब, आणि ध्वनी शोषून घेणारा पृष्ठभाग जितका अधिक तितका तो आखूड. ध्वनीची ऊर्जा मूळच्या दहा लक्षांश होण्यास लागणारा काळ हे निनादाचे माप पुढे सर्वत्र मान्य झाले. १९०० साली उघडलेले बॉस्टन येथील संगीतगृह याच नियमांच्या आधारे उभारले गेले.

सॅबीनने शोषणाचे जे माप घेतले ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. उघडी खिडकी, हे ते माप होय. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. तेव्हा तितक्या भागापुरते शोषण पूर्ण समजावयाचे. या दृष्टीने पाहिले, तर मोकळे मैदान म्हणजे सर्व बाजूंनी उघडी असलेली एक प्रचंड खिडकीच होय. तेथे गायकाचा सूर ओठांतून निघाला की गेला. त्यास घर नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचा विचार करताना या गोष्टीचे महत्त्व कळून येईल.

सॅबीननंतर पाव शतकात ध्वनीच्या या घरावर एक नवेच संकट आले. ते संकट म्हणजे मायक्रोफोन. माणसास दोन कान असतात. त्यांच्या साह्याने तो खोलीतल्या गोंगाटातून समोरच्याचे बोलणे वेगळे काढू शकतो आणि भिंतींवरून येणाऱ्या निनादाकडे सहज दुर्लक्ष करू शकतो. मायक्रोफोनास असा विवेक नसतो. जे येईल ते सारे एकत्र करून तो तारेवर घालतो. म्हणून एखाद्या दिवाणखान्यात कानास गोड वाटणारे गाणे मायक्रोफोनातून विहिरीतून आल्यासारखे वाटते. यावर आरंभीच्या नभोवाणी केंद्रांनी सरळ उपाय योजला. स्टुडिओच्या भिंतींस जाड पडदे लावावयाचे, जमिनीवर गालिचे अंथरावयाचे आणि निनाद मारून टाकावयाचा. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. विदर्भात नागपूरचे केंद्र १९४८ साली निघाले. त्या काळी जगभर स्टुडिओची रचना या एका विचाराने घडत होती की शब्द स्वच्छ पोहोचला पाहिजे.

परंतु निनाद पुरता मारला, की गाणे कोरडे होते आणि नाटकातला राजवाडा व झोपडी एकाच खोलीत आल्यासारखी वाटतात. म्हणून लंडनच्या बी.बी.सी.ने १९२० नंतरच्या दशकातच एक युक्ती काढली. स्टुडिओतला कोरडा आवाज तारेने दुसऱ्या एका रिकाम्या, कठीण भिंतींच्या खोलीत न्यावयाचा, तेथे तो कर्ण्यातून वाजवावयाचा, त्याच खोलीतील दुसऱ्या मायक्रोफोनाने निनादासह उचलावयाचा आणि हवा तेवढाच मूळ आवाजात मिसळावयाचा. नाद एका जागी आणि त्याचे घर दुसऱ्या जागी, अशी फारकत येथे झाली. दोन्ही किती प्रमाणात मिसळावयाचे हे तंत्रज्ञाच्या हाती आले. आजच्या यंत्रावरील 'मिक्स' या बटणाचा जन्म या खोलीत झाला.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीने हेच मिश्रण एकदा यंत्रावाचून साधले, आणि तेही एका मराठी गायिकेच्या पावलांनी. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' हा चित्रपट आला. कमाल अमरोही त्याचे दिग्दर्शक आणि खेमचंद प्रकाश संगीतकार. त्यातील प्रसिद्ध गूढगीतात गाणाऱ्या स्त्रीचा आवाज प्रथम दुरून यावा आणि मग हळूहळू जवळ यावा, अशी अपेक्षा होती. लता मंगेशकर त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होत्या. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवण्यात आला. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यातून गाण्यास आरंभ केला आणि गात गात त्या मायक्रोफोनाकडे चालत आल्या. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे.

या चालण्यात ध्वनिशास्त्राचा एक नियम दडलेला आहे. गायक मायक्रोफोनापासून दुप्पट दूर गेला, की सरळ पोहोचणाऱ्या ध्वनीची ऊर्जा एक चतुर्थांश होते. पण खोलीतला निनाद सर्वत्र जवळजवळ सारखाच भरलेला असतो, त्यामुळे तो फारसा घटत नाही. म्हणून दूर असताना निनाद अधिक आणि सरळ आवाज थोडा, जवळ आल्यावर सरळ आवाज अधिक आणि निनाद थोडा, असे प्रमाण बदलत जाते. कान दूर-जवळपणा ओळखतो तो बव्हंशी या प्रमाणावरून. नुसता आवाज लहान केल्याने माणूस दूर गेल्यासारखा वाटत नाही. तो केवळ हळू बोलत आहे असे वाटते. आज तंत्रज्ञ 'मिक्स'चे बटण फिरवून जे करतो, ते त्या दिवशी गायिकेच्या चालण्याने झाले.

रिकाम्या खोल्या सर्वांस परवडत नसत. तेव्हा तंत्रज्ञांनी जवळच उपलब्ध असलेली कठीण भिंतींची खोली शोधली, ती म्हणजे न्हाणीघर. १९४७ साली शिकागो येथे बिल पुटनम याने हार्मोनिका वाजविणाऱ्या एका त्रयीची ध्वनिमुद्रिका करताना आपल्या स्टुडिओतील प्रसाधनगृह निनादासाठी वापरले आणि ती मुद्रिका अफाट खपली. मुंबईत १९६० सालच्या 'मुगल-ए-आझम'मधील शीशमहालाच्या गीतासाठी संगीतकार नौशाद यांनी स्टुडिओच्या न्हाणीघराचाच आश्रय घेतल्याची हकीकत सांगितली जाते. फरशीच्या गुळगुळीत भिंती उंच स्वर फारसे शोषून घेत नाहीत. त्यामुळे तेथला निनाद चकचकीत होतो. घरोघरी स्नान करताना गळा मोकळा होतो, त्याचे गुपितही हेच.

यापुढचे पाऊल म्हणजे घरावाचून घर. जर्मनीत १९३५ साली चुंबकीय फितीवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र लोकांपुढे मांडण्यात आले. या यंत्रात एक डोके ध्वनी फितीवर लिहिते आणि काही अंतरावरचे दुसरे डोके तो वाचते. लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये फितीस जो प्रवास करावा लागतो, तेवढा विलंब होतो. फीत सेकंदास ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन डोक्यांत ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर विलंब सुमारे ०.१३ सेकंद होतो. वेग निम्मा केला, की विलंब दुप्पट. गोल घुमटात ज्या कामी ३८ मीटर रुंदीची वास्तू लागते, ते काम बोटभर फितीने केले. यंत्रावरील 'डिले टाइम' म्हणजे डोक्यांमधील हे अंतर किंवा फितीचा वेग होय. आता फीत उरलेली नाही, पण बटणाचे काम तेच राहिले आहे. दर मिनिटास १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. विलंब ५०० किंवा २५० मिलिसेकंद ठेवला, म्हणजे प्रतिध्वनी लयीत पडतात. अन्यथा ते तबल्याशी भांडू लागतात.

दुसऱ्या डोक्याने वाचलेला ध्वनी पुन्हा पहिल्या डोक्याकडे पाठविला, की प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी होतो आणि साखळी सुरू राहते. यास 'फीडबॅक' म्हणतात. दर फेरीस ध्वनीचा दाब निम्मा होत असेल, तर तो क्रमाने अर्धा, पाव, अष्टमांश असा घटतो आणि दहाव्या फेरीस मूळच्या एक हजारांशाहूनही खाली जातो. ऊर्जेच्या हिशेबाने हे प्रमाण दहा लक्षांशाहून कमी, म्हणजे सॅबीनच्या मापाप्रमाणे ध्वनी विझला. विलंब ०.३ सेकंद असेल, तर हा सारा खेळ तीन सेकंदांत आटोपतो. परंतु घट अजिबात न ठेवता आला तितकाच ध्वनी परत पाठविला, तर तो कधीच विझत नाही. त्याहून अधिक पाठविला, तर तो वाढत वाढत किंचाळू लागतो. जपानमधील रोलँड कंपनीने १९७४ साली आणलेले 'स्पेस इको' हे फितीचे यंत्र अशा कामी जगभर प्रसिद्धीस आले.

निनादासाठी मात्र एक-दोन डोकी पुरेशी नव्हती. त्यास हजारो परतीचे ध्वनी हवेत. जर्मनीतील ई.एम.टी. कंपनीने १९५७ साली सुमारे २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसविला. एका ठिकाणी विजेने त्यास कंप द्यावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी तो कंप उचलावयाचा, अशी त्याची रचना होती. कंप पत्र्याच्या कडांवर आपटून परत येत आणि दाट निनाद उत्पन्न होई. पत्र्याजवळ दुसरे एक शोषक तावदान पुढे-मागे सरकवून निनादाची लांबी बदलता येई. आजच्या यंत्रावरील 'डिके' म्हणजे हे तावदान. चौकटीसह हे यंत्र पावणेतीनशे किलोग्रॅमच्या घरात जाई, तरी एका खोलीपेक्षा ते खचितच लहान होते. याच तत्त्वावर पोलादी स्प्रिंगा वापरलेली छोटी यंत्रे वाद्यांच्या पेटीत बसू लागली.

खोली पत्र्यात मावली, तशी ती आकड्यांतही मावू शकेल हे मॅनफ्रेड श्रोडर याने दाखविले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या जर्मन शास्त्रज्ञाने १९६१ व १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत कृत्रिम निनादाची गणिती कृती सांगितली. ध्वनीचे आकडे करावयाचे आणि ते एकाच वेळी अनेक विलंब-साखळ्यांतून फिरवावयाचे. साखळ्यांचे विलंब साधारण ३० ते ४५ मिलिसेकंद ठेवावयाचे, पण असे निवडावयाचे की त्यांचे आवर्तन एकमेकांशी जुळू नये. जुळले, तर सगळे प्रतिध्वनी एकाच क्षणी येऊन पत्र्याच्या डब्यासारखा आवाज होतो. मग आणखी काही लहान साखळ्यांतून नेऊन त्यांची दाटी वाढवावयाची. एका सेकंदात सुमारे एक हजार परतीचे ध्वनी झाले, म्हणजे कान त्यांस सुटे मोजू शकत नाही आणि त्यास खोलीचा भास होतो. ही कृती तेव्हाच्या संगणकांस जड होती. १९७६ साली ई.एम.टी. कंपनीचे आकड्यांवर चालणारे निनादयंत्र बाजारात आले आणि आज तेच गणित तळहाताएवढ्या पेटीत चालते.

आता राहिला दोन कानांचा प्रश्न. मायक्रोफोन एककर्णी आहे, ही उणीव दूर करण्याची योजना इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ साली पेटंटासाठी सादर केली. दोन मायक्रोफोन, दोन वाटा आणि दोन कर्णे, असे त्या योजनेचे स्वरूप होते. तीच पुढे 'स्टिरिओ' या नावाने घरोघरी गेली. खऱ्या खोलीत डाव्या कानास येणारा निनाद उजव्या कानास येणाऱ्या निनादाहून किंचित निराळा असतो, कारण दोघांच्या वाटा निराळ्या असतात. या निराळेपणामुळेच खोली आपल्याभोवती असल्याचा प्रत्यय येतो. दोन्ही कर्ण्यांतून अगदी सारखा निनाद सोडला, तर तो मधल्या एका बिंदूवर गोळा होऊन बसतो. म्हणून स्टिरिओ यंत्र दोन्ही बाजूंस वेगवेगळे विलंब वापरते. 'विड्थ' हे बटण हा वेगळेपणा किती ठेवावा ते सांगते. 'पिंगपाँग' या प्रकारात पहिला प्रतिध्वनी डावीकडे, दुसरा उजवीकडे, असा तो टेबलावरील चेंडूप्रमाणे फिरतो.

१९४९ साली, 'महल' मुंबईत लोकांपुढे आला त्याच वर्षी, जर्मनीतील गॉटिंगेन येथे हेल्मुट हास याने एक प्रबंध लिहिला. एकच बोलणे दोन कर्ण्यांतून थोड्या अंतराने ऐकविले, तर हे अंतर सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत असेतोवर माणसास दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो आणि तोही प्रथम पोहोचलेल्या कर्ण्याच्या दिशेने. यंत्रावरील 'प्री-डिले' या बटणाचा उपयोग यावरून कळतो. मूळ शब्द आणि निनादाचा आरंभ यांच्यात थोडी फट ठेवली, तर शब्दाचा कणा मोकळा राहतो आणि निनाद त्याच्या मागे उभा राहतो. उरले 'डॅम्पिंग' हे बटण. हवा आणि मऊ वस्तू उंच स्वर लवकर शोषतात, त्यामुळे खऱ्या दिवाणखान्यातील निनाद विरताना मऊ होत जातो. हे बटण तो मऊपणा देते. ते मोकळे सोडले, की दिवाणखान्याचे न्हाणीघर होते.

एवढा प्रवास करून हे उसने घर आज झाडीपट्टीच्या मैदानावर येऊन पोहोचले आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या भातशेतीच्या व जंगलाच्या जिल्ह्यांत धानाची कापणी आटोपली, की गावोगावी नाटके होतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी कित्येक गावांची रीत आहे. दंडार या जुन्या लोकनाट्याच्या परंपरेत वाढलेली ही रंगभूमी आजही तिकीट काढून, थंडीत रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर उभी आहे. तिची सेवा करणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. हे प्रेक्षक बसतात ते मोकळ्या आकाशाखाली. कनातीच्या कापडी भिंती ध्वनी फारसा परत देत नाहीत. सॅबीनच्या भाषेत ही सारी उघडी खिडकीच. अशा ठिकाणी गायकाच्या सुरास थोडे घर देणे हे यंत्राचे खरोखर उपकाराचे काम आहे.

पण येथेच धोक्याची जागाही आहे. साधारण बोलण्यात माणूस सेकंदास चार-पाच अक्षरे उच्चारतो. यंत्रावर निनाद तीन सेकंदांचा ठेवला आणि मिश्रणात तो भरपूर मिसळला, तर एका अक्षरावर मागील बारा-पंधरा अक्षरांचे ओझे पडते. गाण्यात एक स्वर दीर्घकाळ लांबतो, म्हणून तेथे हे ओझे शोभून जाते. संवादात ते शब्दाचा गळा दाबते. सॅबीनपुढे उभे असलेले ते व्याख्यानगृह नेमक्या याच दुखण्याने निकामी झाले होते. ज्या दोषाच्या निवारणासाठी त्याने रात्री जागून गाद्या वाहिल्या, तो दोष आता एका बटणाच्या फेऱ्याने मोकळ्या मैदानावरही ओढवून घेता येतो. आवाज भारदस्त वाटतो म्हणून सभेत, लग्नमंडपात आणि रंगमंचावर 'इको' वाढविण्याचा मोह सर्वत्र दिसतो. ज्यास तो ऐकू येतो तो पुढच्या रांगेतला असतो. मागच्या रांगेतल्यास फक्त घुमणे ऐकू येते.

मोठ्या मैदानावर याहून एक सूक्ष्म अडचण असते. मागच्या लोकांसाठी मध्यावर कर्णे उभारले, तर तारेतून त्यांच्याकडे ध्वनी तत्क्षणी पोहोचतो. रंगमंचाजवळील कर्ण्यांचा ध्वनी मात्र हवेतून चालत येतो. हे अंतर ३४ मीटर असेल, तर तो सुमारे एक दशांश सेकंद उशिरा येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. यावर उपाय तोच 'डिले'. मागच्या कर्ण्यांस १०० मिलिसेकंद आणि वर १०-१५ मिलिसेकंद असा विलंब दिला, म्हणजे दोन्ही ध्वनी एकत्र मिसळतात. हासच्या नियमाप्रमाणे रंगमंचाचा ध्वनी प्रथम पोहोचतो आणि मागच्या प्रेक्षकासही नट समोरूनच बोलत आहे असे वाटते. प्रतिध्वनी निर्माण करणारे यंत्र येथे प्रतिध्वनी मोडण्याच्या कामी येते. तसेच दोन टोकांस कर्णे असलेल्या मैदानावर स्टिरिओचा डावा-उजवा खेळ बहुतेकांस ऐकूच येत नाही, कारण डावीकडे बसलेल्यास उजवा कर्णा दूर पडतो. तेथे संवाद दोन्ही बाजूंस सारखे सोडणे शहाणपणाचे ठरते.

यंत्र वापरणाऱ्याने एवढा विवेक मात्र बाळगला पाहिजे. गायनाच्या मायक्रोफोनावर निनाद असावा, तोही लयीस धरून आणि प्री-डिलेची फट ठेवून. संवादाच्या मायक्रोफोनावर तो नसावा, किंवा प्रसंगास नेमका हवा असेल तेवढाच असावा. स्वप्नातला आवाज, मृताची हाक, भुयारातले बोलणे, अशा जागी तो अर्थ वाढवितो. साऱ्या रात्रभर पसरला, तर त्याचे काहीच मोल उरत नाही. 'महल'मधील त्या गीतात निनाद परिणामकारक ठरला, कारण गायिका त्यातून बाहेर चालत आली आणि अखेर तिचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाशी येऊन उभा राहिला.

झाडीपट्टीच्या रंगमंचावर नट गावच्या बोलीत बोलतो, आणि त्या बोलीतील एकेका शब्दावर हशा किंवा हुंदका अवलंबून असतो. नागपूर-मुंबईच्या नाट्यगृहांत ती बोली क्वचितच ऐकू येते. तिचे थिएटर हेच मैदान आणि तिचे श्रोते हेच शेतकरी. पहाटेच्या दवात, घोंगडी पांघरून शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीस आपल्या भाषेतले ते वाक्य अखंड ऐकू यावे, हे पाहण्याचे काम आता ध्वनियंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञाच्या बोटांकडे आले आहे.